बरण्यांच्या गांवचीं विमानें

अमेरिकेचा प्रवास करून आलेल्या मंडळींनीं न्यूयॉर्कच्या उंच इमारती, नायगाराचा धबधबा आणि वॉशिंग्टनचीं शुभ्र स्मारकें ह्यांचें वर्णन इतक्या वेळां केलें आहे कीं, तीं स्थळें न पाहतांच आमच्या वाचकांस परिचित झालीं असतील. मन्सी हें नांव मात्र त्यांच्या कानांवरून क्वचितच गेलें असेल. इंडियाना संस्थानांतील सुमारें ६५,००० वस्तीचें हें एक साधें शहर आहे. तेथें समुद्र नाहीं, डोंगर नाहीं, राजवाडाही नाहीं. असें असूनही लहान विमानें उडविणाऱ्या हौशी मंडळींत ह्या गांवास एखाद्या क्षेत्राचा मान आहे. आणि तो कां आहे हें पाहण्याचा योग आम्हां उभयतांस सन २०२५ च्या जून महिन्यांत आला.

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त इंडियानापोलिस येथें राहतो. त्याची तेरा वर्षांची कन्या, म्हणजे आमची नात, हिनें मागल्या हिंवाळ्यांत घरीं बसून विजेवर चालणारें एक विमान जुळविलें होतें. त्याचें पहिलें उड्डाण आजी-आजोबांच्या समक्ष व्हावें असा तिचा हट्ट होता. परंतु जूनमध्यें पावसानें आणि वाऱ्यानें दोन सुट्या वायां घालविल्या, आणि आमच्या परतीच्या प्रवासास अवघा एक दिवस उरला. तेव्हां पुतण्यानें त्या शनिवारीं पहांटेसच सर्वांस मोटारींत बसवून मन्सीची वाट धरली.

इंडियानापोलिसहून मन्सी ईशान्येस सुमारें ६० मैलांवर आहे. वाटेंत दोहों बाजूंस मका आणि सोयाबीन ह्यांचीं शेतें लागतात, आणि तीं इतकीं सपाट आहेत कीं, पाट्यावरून वाटण निपटून घ्यावें त्याप्रमाणें ह्या भूमीवरचे चढउतार कोणीं निपटून घेतले असावेत असें वाटतें. ही उपमा सर्वस्वीं काल्पनिक नाहीं. हिमयुगांत उत्तरेकडून सरकत आलेल्या बर्फाच्या अजस्र थरांनीं उंचवटे घासून व खळगे बुजवून ही जमीन केली आहे. आपल्या देशावर प्रवास करणारास क्षितिजाशीं एखादी तरी टेकडी, निदान एखाद्या देवळाचें शिखर दिसतें. येथें धान्याचीं कोठारें आणि पाण्याच्या टाक्या सोडल्या तर दृष्टीस अडथळा म्हणून नाहीं. डोळ्यांस हा देखावा लवकरच कंटाळवाणा होतो. परंतु जमिनीवर उभें राहून आकाशांतलें लहानसें यंत्र नजरेनें सांभाळावयाचें असेल, तर ह्याहून सोयीची जागा मिळणें कठीण.

गांवाचें नांव डेलावेअर ह्या मूळ रहिवाशांच्या मन्सी नांवाच्या शाखेवरून पडलें आहे. व्हाइट नदी गांवांतून वळणें घेत जाते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पादांत ह्या भागांत जमिनीखालीं नैसर्गिक वायूचा साठा सांपडला, आणि त्याच्या सोयीसाठीं बॉल आडनांवाच्या पांच भावांनीं १८८७ सालीं आपला कांचेचा कारखाना न्यूयॉर्क संस्थानांतील बफेलोहून मन्सीस आणण्याचें ठरविलें. त्यांच्या कांचेच्या बरण्या पुढें अमेरिकेंतील घरोघरच्या कोठींत जाऊन बसल्या. आपल्याकडे वैशाखांत बरण्या धुऊन उन्हांत ठेविल्या कीं, लोणच्या-मुरंब्याची जी लगबग घरांत सुरू होते, तीच तिकडे उन्हाळ्याच्या अखेरीस टोमॅटो, पीच आणि काकड्या भरून ठेवतांना होत असे. कित्येक घरीं अजूनही होते. वायूची हकीकत मात्र बोध घेण्याजोगी आहे. तो कधीं संपणारच नाहीं अशा समजुतीनें लोकांनीं त्याच्या मशाली रात्रंदिवस जळत्या ठेविल्या, आणि विसाव्या शतकाच्या आरंभींच तो ओसरला. बरण्यांचें उत्पादन मन्सींत १९६२ सालीं थांबलें, आणि कंपनीची मुख्य कचेरी १९९८ सालीं कोलोराडो संस्थानांत गेली. गांवांतील विद्यापीठ मात्र अद्यापि बॉल घराण्याचें नांव चालवीत आहे.

ह्याच कंपनीनें कोलोराडोंत १९५६ सालीं संशोधनाची एक शाखा काढली होती. हबल दुर्बिणीची दृष्टि सदोष निघाल्यावर १९९३ सालीं तिला जें उपनेत्र बसविण्यांत आलें, तें ह्या शाखेनें तयार केलेलें होतें. ती शाखा २०२४ सालीं दुसऱ्या कंपनीकडे गेली. लोणच्याची बरणी आणि आकाशांतली दुर्बीण ह्या दोहोंस एकाच घराण्याचे हात लागावेत, ही गोष्ट ऐकून आमच्या सौभाग्यवतीस मन्सीविषयीं एकदम आपलेपणा वाटूं लागला.

शहराच्या पूर्वेस, वस्ती संपतां संपतां, ॲकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स ह्या संस्थेचें मैदान लागतें. लहान विमानें करणाऱ्या व उडविणाऱ्या लोकांची ही राष्ट्रीय संस्था १९३६ सालीं स्थापन झाली. तिचें बिऱ्हाड पूर्वीं राजधानीजवळ व्हर्जिनिया संस्थानांत होतें. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत तें मन्सीस आलें. मैदानाचा विस्तार १००० एकरांहून अधिक आहे, म्हणजे आपल्याकडील एखाद्या खेड्याची सारी शेतजमीन त्यांत सहज मावेल. त्यांत डांबरी धांवपट्ट्या आहेत, कापलेल्या गवताच्या पट्ट्या आहेत, तारेस बांधून गोल फिरविण्याच्या विमानांसाठीं वर्तुळें आहेत, आणि रबराच्या पिळावर उडून वारा नेईल तिकडे जाणाऱ्या हलक्या विमानांसाठीं मोकळें रान आहे. उन्हाळ्यांत येथें राष्ट्रीय स्पर्धा भरतात. एरव्हीं संस्थेच्या सभासदांस येऊन आपापलीं विमानें उडवितां येतात.

आवारांतच संस्थेचें पदार्थसंग्रहालय आहे. बाल्सा नांवाच्या अतिशय हलक्या लांकडाच्या काड्या आणि त्यांवर ताणलेला पातळ कागद अशा विमानांपासून आजच्या यंत्रांपर्यंतचा सारा इतिहास तेथें क्रमानें पाहावयास मिळतो. बिनतारी लहरींनीं दूरच्या वस्तूस आज्ञा देण्याची विद्या विमानाहूनही जुनी आहे, ही गोष्ट आम्हांस येथें विशेषेंकरून आठवली. आचार्य जगदीशचंद्र बोस ह्यांनीं १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाउन हॉलांत दुरून घंटा वाजवून व बंदुकीची दारू पेटवून दाखविली होती; आणि निकोला टेस्ला ह्यांनीं १८९८ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें पाण्यांतील होडी बिनतारी आज्ञेनें चालविली होती. विमानाच्या बाबतींत वॉल्टर आणि विल्यम गुड ह्या मिशिगनमधील जुळ्या बंधूंचें नांव अग्रभागीं घेतलें जातें. त्यांचें ‘गफ’ नांवाचें विमान १९३७ सालीं प्रथम उडालें. मूळ विमान आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहीं आहे. विजेच्या मोटरीस आणखी वीस वर्षें लागलीं. इंग्लंडांत कर्नल टॅप्लिन ह्यांनीं ३० जून १९५७ रोजीं ‘रेडिओ क्वीन’ हें विजेचें विमान रेडिओच्या आज्ञेनें उडविलें. परंतु त्या काळच्या बॅटऱ्या जड आणि मोटरी दुबळ्या असल्यामुळें इंधनाच्या इंजिनांचेंच राज्य पुढें कित्येक वर्षें चाललें. लिथियमच्या बॅटऱ्या आणि ब्रशाशिवाय चालणाऱ्या मोटरी हौशी माणसाच्या हातीं आल्या, तेव्हां कोठें पारडें फिरलें.

जुन्या रेडिओची आणखी एक गोष्ट पुतण्यानें सांगितली. अमेरिकेंत पूर्वीं ७२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत विमानांसाठीं ५० वाटा राखून ठेविलेल्या होत्या. एका वाटेवर एकाचें विमान आकाशांत असतां दुसऱ्यानें त्याच वाटेचें यंत्र चालू केलें, कीं पहिल्याचें विमान गेलेंच म्हणून समजावें. म्हणून मैदानावर एक फळी असे, तिजवर प्रत्येक वाटेच्या क्रमांकाचा एक चिमटा असे, आणि तो चिमटा हातीं आल्याशिवाय कोणीही आपलें यंत्र चालू करीत नसे. आतां २.४ गिगाहर्ट्झच्या यंत्रांत हातांतला ट्रान्समीटर आणि विमानांतला रिसीव्हर क्षणोक्षणीं वाट बदलीत असतात, व एकमेकांची खूण ओळखूनच आज्ञा देतात-घेतात. ह्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर असल्यामुळें रिसीव्हरच्या तारेचें तीन सेंटिमीटर उघडें टोंक पुरतें. पूर्वीच्या विमानांमागें मीटरभर तार लोंबत असे.

आतां नातीच्या विमानाकडे वळूं. त्याच्या पंखांची लांबी दीड मीटर आणि वजन सव्वा किलो. तीन घटांची, २२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी पोटांत बसते. प्रत्येक घट पूर्ण भरला म्हणजे ४.२ व्होल्ट दाखवितो. तेथील कायद्याप्रमाणें २५० ग्रॅमांहून जड विमान असेल तर उडविणारास सरकारीं नोंद करून मिळालेला क्रमांक विमानावर लिहावा लागतो, आणि नियमांची एक लहानशी परीक्षाही द्यावी लागते. क्रमांक तिनें शेपटीवर सुवाच्य अक्षरांत लिहिला होता. जुळणीपासून आंकड्यांपर्यंत सर्व काम तिनें वडिलांच्या देखरेखीखालीं पण स्वतःच्या हातांनीं केलें होतें, आणि मैदानावरील लांकडी मेजावर विमान ठेवून तें सर्व ती आम्हांस समजावून सांगूं लागली.

ट्रान्समीटरच्या स्मरणांत प्रत्येक विमानासाठीं स्वतंत्र पान असतें. नवें पान उघडून त्यास नांव द्यावयाचें ही पहिली पायरी, आणि दर वेळीं तें नांव वाचल्याशिवाय बॅटरी जोडावयाची नाहीं हा पहिला नियम. कारण दुसऱ्या विमानाचें पान उघडें राहिलें तर उजवीकडची आज्ञा डावीकडे जावयाची. त्यानंतर पंखाचा प्रकार सांगावयाचा, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांस एक सर्व्हो आहे कीं दोन. सर्व्हो हें आगपेटीएवढें यंत्र. त्यास सेकंदास सुमारें ५० वेळां एक ठोका मिळतो. ठोका दीड सहस्रांश सेकंदाचा असेल तर तें मध्यावर उभें राहतें, एक सहस्रांशाचा असेल तर एका टोंकास आणि दोन सहस्रांशांचा असेल तर दुसऱ्या टोंकास जातें. ट्रान्समीटरांत ज्या ज्या म्हणून खुबी आहेत त्या ह्या ठोक्याची लांबी कमीजास्त करण्याच्याच आहेत.

"सळईनें सरळ होतें तें आंकड्यानें सरळ करावयाचें नाहीं," असें ती म्हणाली, आणि तें आम्हांस फार आवडलें. सर्व्हो मध्यावर असतां त्याचा दांडा सळईशीं काटकोनांत बसवून, सळईची लांबी कमीजास्त करून पट्टी पंखाच्या रेषेंत आणावयाची. मग जो केसभर फरक उरेल तेवढाच आंकड्यांनीं काढावयाचा. एरव्हीं एका बाजूची हालचाल दुसरीपेक्षां कमी पडते. दिशा तपासतांना ती विमानाच्या मागें उभी राहिली. काठी उजवीकडे नेली कीं उजव्या पंखाची पट्टी वर व डाव्याची खालीं गेली पाहिजे. काठी आपल्याकडे ओढली कीं शेपटीची आडवी पट्टी वर उचलली पाहिजे. सुकाणूं उजवीकडे दिलें कीं त्याची मागची कड उजवीकडे वळली पाहिजे. उलट जाईल ती वाट ट्रान्समीटरांत उलटवावयाची. किती विमानें केवळ ही एक गोष्ट न पाहिल्यामुळें पहिल्याच क्षणीं जमिनीवर आपटलीं असतील, असें पुतण्या म्हणाला.

एका कळीवर तिनें पट्ट्यांची हालचाल शेंकडा १०० आणि शेंकडा ७० अशी दोन प्रकारची ठेविली होती. शिवाय काठीच्या मध्याजवळ आज्ञा मऊ आणि टोंकास पूर्ण लागावी म्हणून शेंकडा ३० वक्रता दिली होती; हात कांपला तरी विमान कांपूं नये हा हेतु. मोटरीच्या नियंत्रकास काठीचीं दोन टोंकें ओळखावयास शिकवितांना पंखा काढून ठेवावयाचा: काठी वर नेऊन बॅटरी जोडली कीं तो शीळ घालतो, मग काठी खालीं आणली कीं पुनः शीळ घालून समजलें म्हणून सांगतो. त्याशिवाय एक कळ अशी ठेविली होती कीं, ती दाबली असतां काठी कोठेंही असो, मोटर फिरूं नये. वेळेचा हिशेब तिनें वहींत मांडला होता. २२०० पैकीं शेंकडा ८० म्हणजे १७६० मिलिअँपिअर-तास वापरावयाचे. सरासरी १५ अँपिअर लागतील असें धरलें तर सात मिनिटें होतात. पहिल्या खेपेस गजर पांच मिनिटांवर. सर्वांत शेवटीं तोल. पंखाची रुंदी २१ सेंटिमीटर. पुढच्या कडेपासून ६ सेंटिमीटरांवर दोन बोटांनीं उचललें असतां विमान आडवें राहिलें पाहिजे. नाक जड असलेलें विमान वाईट उडतें आणि शेपूट जड असलेलें एकदांच उडतें, अशी ह्या मंडळींत म्हणच आहे. तिनें बॅटरी बोटभर पुढें सरकवून तोल बरोबर आणला.

एवढें होईपर्यंत सकाळचे साडेआठ वाजले होते. वारा पडलेला होता, आकाश स्वच्छ होतें. पुतण्यानें पंखा हातांत घेतला आणि तो बसवावयास पुढें झाला. तेव्हां नात म्हणाली, "बाबा, एक राहिलें. पंखा लावायच्या आधीं ट्रान्समीटर बंद करून बघायचा आहे."

ह्या परीक्षेचा अर्थ असा. उडतांना कांहीं कारणानें आज्ञा तुटली तर विमानानें काय करावें, हें रिसीव्हरला आधींच सांगून ठेवावें लागतें. मोटर थांबली पाहिजे, हें त्याचें शहाणपणाचें उत्तर. परंतु कित्येक रिसीव्हर जोडणीच्या वेळीं काठी जेथें असेल तीच जागा लक्षांत ठेवतात. आदल्या रात्रीं पुतण्यानें रिसीव्हर नव्यानें जोडला होता. नातीनें मोटर हळू फिरती ठेवून ट्रान्समीटर बंद केला. मोटर थांबली नाहीं. उलट तिचा आवाज चढला आणि ती निम्म्या वेगानें फिरत राहिली. कारण जोडणीच्या वेळीं काठी मध्यावर राहिली होती.

पुतण्या घड्याळाकडे पाहत म्हणाला, "अग, आपण ट्रान्समीटर बंद करणारच नाहीं. मैदानाबाहेर विमान जाणारही नाहीं. वारा सुटायच्या आंत एक फेरी होऊं दे, मग दुपारीं तें नीट करूं. आजी-आजोबा उद्यां जायचे आहेत."

नात कांहीं वेळ बोलली नाहीं. तिचे डोळे भरून आले होते, हें आम्हांस दिसलें. मग ती खालीं पाहून पण स्पष्टपणें म्हणाली, "बाबा, तुम्हींच मला शिकवलंत कीं हें झाल्याशिवाय उडवायचं नाहीं. मी नाहीं उडवणार."

आमच्या पिढींत वडिलांस असें उत्तर देण्याची छाती कोणास झाली नसती, आणि झाली असती तर त्याचें स्वागत कसें झालें असतें हें वाचकांस सांगावयास नको. आम्ही दोघें गप्प बसलों. बापलेकींच्या मधें आजी-आजोबांनीं बोलावें असे प्रसंग असतात, पण हा त्यांपैकीं नव्हता. शेजारच्या मेजाशीं दोन लहान मुलें खेळत होतीं. सव्वा किलोचें विमान ताशीं ६५ किलोमीटर वेगानें येऊन आदळलें, तर पांचव्या मजल्यावरून तेवढ्याच वजनाचा दगड पडल्यासारखा त्याचा आघात होतो. आणि मोटर फिरती असेल तर पंख्याचीं पातीं सुरीचें काम करतात. पुतण्यानें त्या मुलांकडे एकदां पाहिलें, पंखा पेटींत परत ठेविला, आणि "बरोबर आहे तुझें," एवढेंच म्हणून तो मेजाशीं तिच्या शेजारीं बसला.

मोटरीची काठी अगदीं खालीं ठेवून रिसीव्हर पुनः जोडण्यांत आला. ट्रान्समीटर बंद केल्याबरोबर मोटर थांबली. परंतु नव्यानें जोडणी केली म्हणजे साऱ्या परीक्षा पहिल्यापासून, असा तिचा क्रम होता, आणि तो किती रास्त होता हें लवकरच दिसलें. ट्रान्समीटरची शक्ति मुद्दाम कमी करून ३० पावलें मागें जावयाचें आणि तेथून सर्व पट्ट्या हलवून पाहावयाच्या, ही अंतराची परीक्षा. विसाव्या पावलासच शेपटीची पट्टी थरथरूं लागली. विमानाचें पोट उघडलें, तेव्हां रिसीव्हरच्या दोन्ही तारांचीं टोंकें बॅटरीच्या जाड तारांखालीं दाबलेलीं आढळलीं. तीं एकमेकांशीं काटकोनांत आणि धातूपासून दूर असावींत असा नियम आहे. शेजारच्या मेजावरचा पांढऱ्या केसांचा एक गृहस्थ हें सर्व पाहत होता; तो कांहीं न बोलतां उठला, आणि सरबत पिण्याच्या प्लास्टिकच्या नळीचे दोन तुकडे कापून त्यानें नातीच्या हातांत दिले. त्या नळ्यांत तारांचीं टोंकें ओंवून त्या आंतल्या बाजूस चिकटविण्यांत आल्या. डिंक वाळेपर्यंत अकरा वाजले, आणि मक्याच्या शेतांवरून वारा असा सुटला कीं, फळीवरचे कागद फडफडूं लागले. हलक्या विमानाचें पहिलें उड्डाण तशा वाऱ्यांत करणें शक्यच नव्हतें.

दुपार आम्हीं संग्रहालयांत आणि नदीकांठीं घालविली. बरोबर आणलेल्या दशम्या आणि चटणी एका झाडाखालीं बसून खाल्ली. बापलेक एकमेकांशीं बेताबेतानेंच बोलत होते. परंतु चार वाजतां पुतण्यानें आपण होऊन तिची वही मागून घेतली आणि ती तो पहिल्या पानापासून वाचूं लागला.

इंडियानांत जूनमध्यें सूर्य नवानंतर मावळतो. आठाच्या सुमारास वारा पडला. तपासणी पुनः पहिल्यापासून झाली. ह्या वेळीं पुतण्या वहींतील एकेक ओळ मोठ्यानें वाचीत होता आणि नात करून दाखवीत होती. मग ती पट्टीच्या कडेस उभी राहिली आणि बाप तिच्या मागें, दोन्ही हात पाठीशीं बांधून. विमान वाऱ्याच्या तोंडास धांवलें, वीसेक पावलांत जमीन सोडून वर चढलें. काठी सोडतांच त्याचें नाक किंचित् खालीं जाऊं लागलें. तिनें शेपटीस तीन टिचक्या वरच्या दिल्या. तें डावीकडे कलूं लागलें; उजवीकडे दोन टिचक्या दिल्या. त्यानंतर तें सरळ, शांत, मधमाशीएवढा आवाज करीत उडूं लागलें. मावळतीच्या उन्हांत वळतांना त्याचे पंख क्षणभर तांबूस दिसत आणि पुनः काळे होत. पांच मिनिटांचा गजर झाला. उतरतांना विमान एकदां उसळलें, दुसऱ्यांदा टेकलें, आणि गवताच्या कडेस जाऊन थांबलें. पाठीशीं बांधलेले हात सोडण्याची गरज पुतण्यास पडली नव्हती.

सौभाग्यवतीनें नातीस जवळ घेतलें, तेव्हां त्या मुलीचे हात बर्फासारखे गार होते. तरीही तिनें आधीं बॅटरी काढली, प्रत्येक घटाचे व्होल्ट वहींत लिहिले, आणि मगच ती आनंदानें रडली. घरीं आल्यावर बॅटरी भरतांना तींत ११५० मिलिअँपिअर-तास गेले; म्हणजे सरासरी खर्च १४ अँपिअरांच्या आसपास होता. पुढच्या खेपेस गजर सहा मिनिटांवर ठेवावयास हरकत नाहीं, असें तिनें ठरविलें.

आपल्याकडे संक्रांतीच्या पतंगापलीकडे ही हौस गेलेलीं घरें थोडीं असलीं, तरी ती अगदींच अपरिचित नाहीं. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेंत विद्यार्थी लहान विमानें करावयास शिकतात, आणि मोठ्या शहरांतून हौशी मंडळीही आहेत. ज्या घरांत मुलें तासन्तास पडद्यापुढें बसतात अशी तक्रार आहे, त्या घरच्या वडील माणसांनीं ह्या छंदाचा विचार अवश्य करावा. त्यांत सुतारकाम आहे, गणित आहे, विजेचें ज्ञान आहे, आणि मुख्य म्हणजे तपासल्यावांचून पुढें न जाण्याची संवय आहे. मात्र मुलांच्या हातीं अशी तपासणीची यादी दिली, तर प्रसंगीं ती आपल्यासमोरही वाचली जाईल, ह्याची तयारी वडील माणसांनीं ठेवावी. पुतण्याच्या अलीकडच्या पत्रावरून कळतें कीं, त्याच्या स्वतःच्या मोठ्या विमानाच्या पेटीच्या झांकणास आतां एक कागद चिकटविलेला आहे; तो नातीच्या हातचा, देवनागरींत लिहिलेला आहे, आणि त्यांतील पहिली ओळ ट्रान्समीटर बंद करून पाहण्याची आहे.

वाचकांपैकीं कोणी इंडियानाकडे जाणार असतील, तर त्यांनीं मन्सीसाठीं एक सबंध दिवस राखून ठेवावा. सकाळीं लवकर पोंचावें, दुपारीं संग्रहालय पाहावें आणि संध्याकाळपर्यंत थांबावें. धांवपट्ट्यांवर सावली म्हणून मुळींच नाहीं. टोपी आणि पिण्याचें पाणी बरोबर नेण्यास विसरूं नये.